एकआसनी हेलिकॉप्टरचा रिडक्शन ड्राइव्ह: ६२०० वरून ५४० आरपीएम

फिरकी

एकआसनी, उघड्या सांगाड्याच्या प्रायोगिक हेलिकॉप्टरसाठी ड्राइव्ह, म्हणजे इंजिनचा वेग कमी करून रोटरला पोचवणारा भाग, आखायचा आहे. जे ठरलंय ते आधी मांडतो, मग अडलंय कुठे ते.

एकूण वजन २८० किलो. दोन पात्यांचा टीटरिंग (मध्यावर सी-सॉसारखा झुलणारा) रोटर, व्यास ६ मीटर, ५४० आरपीएम, म्हणजे टोकाचा वेग सुमारे १७० मीटर प्रति सेकंद. इंजिन रोटॅक्स ५८२: दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ६५०० ला ४८ किलोवॅट. चालवायचं ६२०० ला. हे इंजिन हेलिकॉप्टरला लावू नका असं कारखान्याच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, तेव्हा पुढचं सगळं स्वतःच्या जबाबदारीवर.

हिशोब पुण्याच्या उन्हाळ्याचा धरलाय: ५६० मीटर उंची, ३५ अंश, हवेची घनता १.०७. होव्हरमधे, म्हणजे हवेत एका जागी स्थिर असताना, रोटरखालच्या हवेचा वेग ६.७ मीटर प्रति सेकंद, आदर्श पॉवर १८.५ किलोवॅट. रोटरची कार्यक्षमता ०.६५ धरली की २८.५. टेल रोटर आणि ड्राइव्हमधली घट मिळवून इंजिनकडून ३३ किलोवॅट लागतात. त्या हवेत इंजिन फार तर ४२ देईल. म्हणजे हाताशी ९ किलोवॅट.

एकूण रेशो साधारण ११.५ हवा. दोन पर्याय डोक्यात आहेत.

पहिला: रोटॅक्सचाच सी गिअरबॉक्स, २.६२ चा, आणि पुढे जीपच्या डिफरन्शियलचा ४७:११ क्राउन-पिनियन (मोठं दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारं लहान चक्र). एकूण ११.१९, रोटर ५५४ ला. सगळं बाजारात तयार मिळतं.

दुसरा: ८ मिमी पिचचा टायमिंग बेल्ट, ३१ आणि ८० दातांच्या पुली, म्हणजे २.५८, पुढे मुद्दाम करून घेतलेला स्पायरल बेव्हल (काटकोनात फिरवणारा, वक्र दातांचा गिअर) ११:४९, म्हणजे ४.४५. एकूण ११.५.

पहिला स्वस्त आणि लवकर होणारा. त्यात काय चुकतंय?

लोलक

सी गिअरबॉक्स बाद करा. दात पुरेसे मजबूत आहेत, अडचण जडत्वाची, म्हणजे फिरणारं वजन वेग बदलायला करतं त्या विरोधाची आहे.

हे गिअरबॉक्स प्रोपेलरसाठी आहेत आणि प्रोपेलरच्या जडत्वाला रोटॅक्सने मर्यादा घालून दिली आहे: बी ला ३००० किलो-सेमी वर्ग, सी आणि ई ला ६०००. तुमच्या पात्याचं वजन प्रत्येकी ७ किलो धरलं, तर ३ मीटर लांबीच्या पात्याचं जडत्व २१ किलो-मीटर वर्ग, दोन्हींचं ४२. ते ४.२७ रेशोमागे पिनियनवर आणायचं तर ४.२७ च्या वर्गाने भागा. येतात २.३, म्हणजे २३,००० किलो-सेमी वर्ग. मर्यादेच्या जवळजवळ चौपट. मंद वेगात इंजिनचा प्रत्येक झटका गिअरच्या दातांवर मागेपुढे आपटणार, आणि आतला रबरी डॅम्पर आधी जाणार.

आता तोच प्रश्न दुसऱ्या पर्यायाला विचारू. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक, क्रँक १८० अंशांचा, म्हणजे फेरीला दोन झटके. ६२०० ला २०७ हर्ट्झ, २००० च्या आयडलला ६७ हर्ट्झ. रोटरचं जडत्व इंजिनच्या शाफ्टवर आणलं की ४२ भागिले ११.५ चा वर्ग, म्हणजे ०.३२. इंजिनचं स्वतःचं ०.०२ धरा. रोटर सोळा पट जड, त्यामुळे तो जवळजवळ स्थिर राहतो आणि इंजिन त्याच्याविरुद्ध पीळ घेत थरथरतं.

स्प्रिंग म्हणून फक्त बेल्ट आणि शाफ्ट असतील आणि त्यांचा ताठपणा रेडियनला ७००० न्यूटन-मीटर असेल, तर नैसर्गिक कंपन येतं ९७ हर्ट्झ. म्हणजे २९०० आरपीएम. सेंट्रिफ्यूगल क्लच (वेग वाढला की आपोआप पकडणारा) पकड घेतो तो नेमका याच पट्ट्यात. क्लच पकडताना सगळी मशीन धडधडते, काही तासांत बेल्टचे दात मुळाशी तडकतात, आणि लोक बेल्ट कमजोर आहे म्हणून अजून रुंद बेल्ट टाकतात. त्याने ताठपणा वाढतो आणि अनुनाद (झटके नैसर्गिक कंपनाशी जुळून वाढणं) आणखी वर सरकतो.

उपाय म्हणजे मुद्दाम मऊ दुवा. इंजिन आणि क्लचच्या मधे रेडियनला २००० न्यूटन-मीटरचं रबरी कपलिंग टाका. ७५ न्यूटन-मीटरला ते दोन अंशांहून थोडं जास्त पिळेल. बेल्टसोबत मालिकेत एकूण ताठपणा १५५० च्या आसपास, नैसर्गिक कंपन ४६ हर्ट्झ, म्हणजे १४०० आरपीएमच्या जरा खाली. आयडल २००० वर ठेवलंत तर झटक्यांचं कंपन त्याच्या १.४५ पट पडतं. विलगीकरण, म्हणजे झटके पुढे कमी जाणं, १.४१ पटीला सुरू होतं, म्हणजे अगदी काठावर पण पलीकडे. ६२०० ला झटक्याचा जेमतेम ५ टक्के भाग पुढे जातो.

आयडल २००० च्या खाली कधीही आणू नका, ही यातली अट. इंजिन बंद करताना १४०० मधून जावंच लागतं, तेव्हा इग्निशन एकदम तोडायचं, रेंगाळायचं नाही.

०.०२ आणि ७००० हे दोन्ही आकडे धरलेले आहेत. आपल्या इंजिनचं जडत्व दोन दोऱ्यांवर टांगून मोजा आणि बेल्टचा ताठपणा कॅटलॉगमधून काढा. इंजिन ०.०३ निघालं तर सगळं गणित खाली सरकतं, ते सोयीचंच.

धावपट्टी

टायमिंग बेल्टच का? रॉबिन्सन आर२२ मधे दोन दुहेरी व्ही-बेल्ट आहेत आणि वरची पुली इलेक्ट्रिक अ‍ॅक्च्युएटरने उचलून ताण देतात. वेगळा क्लच लागतच नाही. सुरुवातीला बेल्ट घसरत घसरत रोटर फिरवतो आणि झटकेही थोडे खातो. सिद्ध झालेली पद्धत सोडून सेंट्रिफ्यूगल क्लचचं वजन कशाला वाढवायचं?

फिरकी

@धावपट्टी, आर२२ चे आकडे शेजारी ठेवून पाहिले. तिथे इंजिन २६५२ आरपीएमला चालतं, बेल्टमधे फक्त ०.८५३६ चं रिडक्शन, आणि पुढे मुख्य गिअरबॉक्समधे ११:४७. रोटर ५३०. म्हणजे बेल्टचं काम मुख्यतः क्लचचं, रेशोचं नाही. पुली दोन्ही मोठ्या, बेल्टला वळण सौम्य, दोन्हीकडे लपेट (पुलीला बेल्ट टेकतो तो कोन) १८० अंशांच्या जवळ.

आपल्याकडे ६२०० आरपीएम आणि २.५८ चा रेशो एकाच बेल्टवर आहे. ३१ दातांच्या पुलीचा व्यास ७९ मिमी. त्या वर्तुळावर व्ही-बेल्ट एवढ्या वेगाने सतत वाकवला की आतून तापतो. पुली मोठी घेतली तर वरची पुली २०४ वरून ३०० मिमीकडे जाते, आणि बेल्टचा वेग ३५ मीटर प्रति सेकंदाच्या वर. ओतीव लोखंडी पुलीला तो ३३ च्या खाली ठेवायचा असतो.

टायमिंग बेल्टचा वेग येतोय २५.६ मीटर प्रति सेकंद, ओढ १८७५ न्यूटन. शाफ्टवर पडणारा एकूण भार सुमारे २८०० न्यूटन. व्ही-बेल्टला हाच भार ४००० च्या पुढे जातो.

धावपट्टी

वेगाचा मुद्दा मान्य. चार-स्ट्रोक, हळू फिरणारं इंजिन असतं तर व्ही-बेल्टच योग्य, एवढं नोंदवून ठेवतो.

रुंदी किती धरलीय? ३६ मिमी चालेल असं कॅटलॉगमधे दिसतं खरं, पण तो कॅटलॉग इलेक्ट्रिक मोटर समोर ठेवून लिहिलेला असतो. दोन सिलिंडर टू-स्ट्रोकला सर्व्हिस फॅक्टर (भार वाढवून धरायचा गुणक) १.८ ते २ घ्या. ६२ मिमी घ्यावा लागेल. आणि लहान पुलीवर लपेट १५० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. ३१ पैकी १२ दात तरी पकडीत हवेत.

लोलक

६२ घ्या, हरकत नाही, मात्र ताठपणा पुन्हा मोजा आणि कपलिंग त्याप्रमाणे मऊ निवडा.

आणखी एक गोष्ट. ती ३१ दातांची पुली थेट क्रँकवर बसवू नका. २८०० न्यूटनचा आडवा भार क्रँकच्या शेवटच्या बेअरिंगवर सतत पडणं बरोबर नाही. क्रम असा ठेवा: इंजिन, रबरी कपलिंग, सेंट्रिफ्यूगल क्लच, मग दोन बेअरिंगवर बसलेला स्वतंत्र जॅकशाफ्ट (मधला शाफ्ट) आणि त्यावर पुली, दोन्ही बेअरिंगच्या मधे. बेल्ट बदलायला जॅकशाफ्टचं एक बेअरिंग हाउसिंग सुटं काढता आलं पाहिजे, नाहीतर प्रत्येक वेळी इंजिन उतरवावं लागेल.

बेल्टचा ताण मोबाइलवरच्या ध्वनी-मापकाने बघता येतो. मोकळा भाग ३०० मिमी, बेल्टचं वजन मीटरला ०.२९ किलो आणि बसवतानाचा ताण १४०० न्यूटन धरला, तर बोटाने छेडल्यावर सुमारे ११५ हर्ट्झचा सूर यायला हवा. ९० वर आला तर इंजिन सुरू करताना बेल्ट दात सोडून उडी मारेल.

दंतचक्र

पहिल्या पर्यायातल्या जीपच्या क्राउन-पिनियनबद्दल कुणी बोललं नाही, आणि प्रयोग करणारे बहुतेक जण हात तिथेच घालतात, म्हणून सविस्तर.

योगायोग असा की ४७:११ हाच रेशो आर२२ च्या गिअरबॉक्सचा आहे. पण दातांचे आकडे जुळले म्हणजे गिअर तोच होत नाही. जीपचा सेट हायपॉइड असतो, पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यातून जात नाही. दात एकमेकांवर घसरतात, त्यामुळे जीएल-५ दर्जाचंच (अतिदाब सोसणारं) तेल लागतं आणि तोटा ४-५ टक्क्यांपर्यंत जातो. क्राउनचा व्यास २१६ मिमीच्या आसपास, सगळं जड.

महत्त्वाचा फरक भाराच्या स्वरूपाचा. गाडी पूर्ण टॉर्क चढावर किंवा पहिल्या गिअरमधे घेते, एरवी फार कमी. हेलिकॉप्टर जमिनीवरून उठल्यापासून टेकेपर्यंत सतत मोठी पॉवर ओढतं, होव्हरला ३३ किलोवॅट. पिनियन २४०० आरपीएमला तासाला १,४४,००० वेळा भार घेतो. ५०० तासांत ७ कोटी २० लाख फेऱ्या. मर्यादित आयुष्य धरून गणित करायला इथे जागाच नाही, दात थकव्याच्या मर्यादेच्या खाली हवा.

तरी कुणी जीपचाच सेट वापरणार असेल तर फिरण्याची दिशा जपा. गाडीचा पिनियन डाव्या स्पायरलचा असतो आणि मागून, म्हणजे दांड्याच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने चालवायचा असतो. तेव्हाच भार दाताच्या ड्राइव्ह बाजूवर येतो आणि पिनियन क्राउनपासून बाहेर ढकलला जातो. उलटा फिरवला तर पिनियन आत ओढला जातो, बेअरिंगमधे जराशी ढिलाई असली तर बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) संपतो आणि दात चावतात. रोटर उलट दिशेने हवा असेल तर क्राउन पिनियनच्या वर किंवा खाली घ्या, पिनियनची दिशा तीच ठेवा.

आता करून घ्यायच्या ११:४९ बद्दल. हे दोन आकडे परस्पर अविभाज्य आहेत, त्यामुळे प्रत्येक दात समोरच्या प्रत्येक दाताला भेटतो. निवड चांगली. मॉड्यूल (व्यास भागिले दातांची संख्या) ४ धरा: क्राउन १९६ मिमी, पिनियन ४४ मिमी, दाताची रुंदी ३० मिमी, स्पायरल ३५ अंश. रोटरवरचा कमाल टॉर्क ४८ किलोवॅटमधून ५ टक्के घट वजा करून ८०० न्यूटन-मीटर. दाताच्या मध्यावर व्यास १६७ मिमी, म्हणजे स्पर्शरेषेतलं बल ९६०० न्यूटन. यावर दीडचा अ‍ॅप्लिकेशन फॅक्टर लावून आयएसओ १०३०० ने तपासा, वाकण्यासाठी आणि पृष्ठभागाच्या पिटिंगसाठी (बारीक खड्डे पडण्यासाठी), दोन्ही. लोलक यांचं रबरी कपलिंग असेल तरच दीड. ते नसेल तर कोणताही फॅक्टर पुरणार नाही.

पिनियन एका बाजूने अधांतरी राहणार असेल तर दोन टेपर रोलर बेअरिंगमधलं अंतर लटकत्या भागाच्या अडीच पट तरी ठेवा. जागा असेल तर पिनियनच्या नाकालाही एक छोटं रोलर बेअरिंग द्या.

उत्सुक

नवीन आहे या विषयात, एक शंका. रोटरचं सगळं वजन, म्हणजे हेलिकॉप्टर उचलणारं बल, गिअरबॉक्सच्याच बेअरिंगवर येणार ना? मग गिअरबॉक्सची पेटी तेवढी जाड करावी लागेल?

दंतचक्र

शंका अगदी मर्माची आहे. तसं करायचंच नाही. उचल आणि मास्टचं (रोटरच्या उभ्या दांड्याचं) वाकणं यांचा मार्ग वेगळा ठेवायचा. मास्टची दोन बेअरिंग एका स्वतंत्र नळीत बसवा आणि ती नळी थेट सांगाड्याला जोडा. ३ जी धरलं तर वरच्या दिशेने ८२०० न्यूटन. खालच्या बेअरिंगची जोडी हे घेईल. गिअरबॉक्सने मास्टला फक्त पीळ द्यायचा, स्प्लाइनमधून (शाफ्टवरच्या लांब दात्यांमधून).

हे मिसळलं की प्रत्येक झोतात पेटी वाकते, क्राउन काही शतांश मिमी सरकतो आणि दातांचा संपर्क मध्यावरून टोकाकडे जातो. मग पिनियनच्या दाताचा कोपरा तुटतो आणि दोष पोलादाच्या माथी मारला जातो.

मास्टला की-वे (चावीची खाच) खोदू नका. ४० मिमी भरीव शाफ्टवर ८०० न्यूटन-मीटरचा पीळताण ६४ मेगापास्कल येतो, फार नाही. पण मास्ट फिरताना वाकण्याचा ताण प्रत्येक फेरीत उलटतो आणि की-वेच्या कोपऱ्यातून भेग सुरू होते. ईएन२४ पोलाद, गोलाई दिलेले खांदे, घासून चकचकीत.

वंगण

फ्रीव्हील (एकाच दिशेने पकडणारा क्लच) कुठे आहे ते आराखड्यात दिसत नाही. आधी ती जागा ठरवा, बाकीचं नंतर.

इंजिन बंद पडलं किंवा अडकलं तर रोटर मोकळा फिरला पाहिजे, आणि टेल रोटर त्याच्याबरोबर फिरत राहिला पाहिजे. टू-स्ट्रोकला पिस्टन जाम होणं नवीन नाही. म्हणून टेल शाफ्टचा फाटा फ्रीव्हीलच्या रोटरकडच्या बाजूने निघाला पाहिजे. फ्रीव्हील वरच्या ८० दातांच्या पुलीच्या आत बसवा, पिनियनचा शाफ्ट त्यातून आरपार मागे न्या आणि तिथूनच टेल ड्राइव्ह घ्या. फ्रीव्हील खाली जॅकशाफ्टवर ठेवलं तर ऑटोरोटेशनमधे (इंजिनशिवाय उतरताना) रोटरला बेल्टही ओढावा लागतो. आणि बेल्ट तुटून वरच्या पुलीत गुंडाळला गेला तर रोटर तिथेच अडतो. बेल्टभोवती पत्र्याचं कवच हवंच, तुटलेला बेल्ट टेल शाफ्टवर जाऊ नये म्हणून.

वरच्या पुलीवर सरासरी टॉर्क १९० न्यूटन-मीटर. टू-स्ट्रोकचे झटके धरून तिप्पट क्षमतेचा, म्हणजे ६०० च्या आसपासचा स्प्रॅग क्लच (फ्रीव्हीलचाच एक प्रकार) घ्या. मोटरसायकलच्या स्टार्टरमधला वन-वे क्लच यासाठी नाही. तो सेकंदभर काम करून सुटतो.

स्प्रॅग पकडतो तो घर्षणावर. त्याला ईपी (अतिदाब सोसणाऱ्या) घटकांचं, मॉलिब्डेनमचं किंवा ग्रॅफाइटचं तेल दिलं तर तो घसरतो, आधी क्वचित, मग एकदम. आणि बेव्हल गिअरला नेमकं ईपी तेलच लागतं. म्हणून दोघांची तेलं एकत्र येता कामा नयेत. पुलीच्या आत वेगळी सीलबंद खोली, त्यात साधं हलकं तेल, निर्मात्याने सांगितलेलं. मधल्या सीलच्या बाहेर एक छोटं भोक ठेवा. सील गळालं तर तेल बाहेर पडून दिसेल, दुसऱ्या खोलीत जाणार नाही.

लोलक

वंगण यांच्या मुद्द्याला जोड. रोटरमधे ५४० ला साठलेली ऊर्जा ६७ किलोज्यूल. वेग ८० टक्क्यांवर येईपर्यंत त्यातली ३६ टक्के, म्हणजे २४ किलोज्यूल वापरता येते. होव्हरला रोटर २८ किलोवॅट खातो. एक सेकंदही मिळत नाही. फ्रीव्हीलने मधे क्षणभर ओढ ठेवली तर पायलटला कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) खाली करायला वेळ उरणार नाही. पात्यांच्या टोकाशी वजन घालायचा विचार असेल तर तो आत्ताच करा, कारण त्याने माझं वरचं जडत्वाचं गणित बदलेल.

भोसरीकर

करून घेण्याची बाजू लिहितो.

पोलाद: २०एमएनसीआर५ किंवा ईएन३५३ कुठेही मिळतं, ईएन३६सी मिळालं तर उत्तम. बार घेताना अल्ट्रासॉनिक तपासणीचा दाखला मागा. केस डेप्थ, म्हणजे वरच्या कडक थराची जाडी, मॉड्यूल ४ ला ग्राइंडिंगनंतर ०.७ ते ०.९ मिमी. वर ५८ ते ६२ एचआरसी, गाभा ३२ ते ४०. केस जास्त झाली तर दाताचं टोक आरपार कडक होऊन ठिसूळ होतं. आटे आणि स्प्लाइनच्या टोकावर भट्टीत जाण्याआधी तांब्याचा मुलामा किंवा रोधक लेप लावायला सांगा, नाहीतर आटे पहिल्या टॉर्कला तुटतात.

ग्राइंडिंगमधे जळण्याचा धोका मोठा. डोळ्याला दिसत नाही. नायटल एच (सौम्य आम्लाने धुणं) केल्यावर काळसर डाग दिसले तर तो नग बाद, वाटाघाटी नाहीत. त्यानंतर मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी.

पेटी एलएम२५ या अ‍ॅल्युमिनियमची, टी६ उष्णता-प्रक्रिया केलेली. पिनियनचं आणि क्राउनचं भोक एकाच सेटिंगमधे आडव्या मशीनिंग सेंटरवर काढून घ्या, काटकोन ०.०२ मिमीच्या आत. दोन वेळा पकडून काढलेल्या पेटीत संपर्क कधीच नीट बसत नाही, कितीही शिम बदला.

जोडणी: पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगला आधीच दिलेला दाब) सील न लावता १ ते १.५ न्यूटन-मीटर फिरवण्याचा टॉर्क. बॅकलॅश डायल गेजने क्राउनवर चार जागी, ०.१० ते ०.१५ मिमी. निळा रंग अगदी पातळ लावून, क्राउनला हाताने अडवत फिरवा. छाप दाताच्या मध्याच्या जरा आतल्या टोकाकडे हवी. भार आला की ती बाहेर सरकते.

यात एक गोष्ट हमखास विसरली जाते. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. बेअरिंगमधलं अंतर १०० मिमी आणि तापमान ८० अंशांनी वाढलं की फरक ०.०९ मिमी. थंडीत अचूक बसवलेला प्रीलोड गरम झाल्यावर नाहीसा होतो. पिनियनची दोन्ही बेअरिंग एका पोलादी बाहीत बसवा आणि ती बाही पेटीत. मग प्रीलोड पोलादाच्याच हातात राहतो.

वंगण

तापमानाचं बरं आठवलं. ४० किलोवॅटला स्पायरल बेव्हल २ टक्के खातो, म्हणजे ८०० वॅट उष्णता. पेटीचं बाहेरचं क्षेत्रफळ पाव चौरस मीटर, रोटरखालची हवा धरून चौरस मीटरला अंशामागे २५ वॅट जातात असं मानलं, तर पेटी हवेपेक्षा १२० अंशांहून अधिक तापावी लागेल. ३५ अंशांच्या दिवशी तेल १५० च्या पलीकडे. चालणार नाही. पेटीला पंख काढून क्षेत्रफळ दुप्पट करा, नाहीतर छोटा पंप आणि कूलर. हायपॉइड असता तर हीच उष्णता दुपटीच्या वर गेली असती.

मास्ट उभा, क्राउन आडवा, तेल तळाशी. खालचं बेअरिंग बुडालेलं, वरचं कोरडं. उडालेलं तेल वर पोचेल यावर विसंबू नका. पेटीच्या भिंतीवर तेल पकडणारा कप्पा आणि तिथून वरच्या बेअरिंगपर्यंत तिरकं भोक द्या. तळाला चुंबकी प्लग. पहिल्या तासानंतर राखाडी मलम दिसेल, ते ठीक. बोटाला टोचणारा कण आला की पेटी उघडायची.

फिरकी

फ्रीव्हील वरच्या पुलीत घेतलं. पोलादी बाही आणि पेटीला पंख, दोन्ही नोंदवलं. टेल शाफ्ट आता पिनियनच्याच वेगाने, २४०० ला फिरेल. २५ मिमी बाहेरचा व्यास, १.५ मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियमची नळी, बेअरिंग दर १.२ मीटरवर. टेल रोटर २ ते ३.५ किलोवॅट घेईल, पिळाला नळी भरपूर आहे.

लोलक

पिळाला आहे, फिरताना डुलण्याला नाही. १.२ मीटरला या नळीचा क्रिटिकल वेग येतो सुमारे २७५० आरपीएम. तुम्ही २४०० ला चालवणार, अंतर फक्त १५ टक्के. बेअरिंगचे ब्रॅकेट जरा लवचिक निघाले तर तेही उरत नाही. बेअरिंग ०.९ मीटरवर आणा, ४९०० होतो. किंवा नळी ३८ मिमीची घ्या, १.२ मीटरलाच ४२०० च्या वर. दुसरा मार्ग मला पसंत, बेअरिंग कमी लागतात.

धावपट्टी

चाचणीबद्दल. अमेरिकी नियमावलीच्या भाग २७ मधे, कलम २७.९२३ खाली, प्रमाणित हेलिकॉप्टरच्या रोटर ड्राइव्हला किमान १०० तासांची सहनचाचणी आहे. आपण प्रमाणित करत नसलो तरी हा आकडा समोर ठेवावा. मशीन जमिनीला चार जागी बांधून, कलेक्टिव्ह टप्प्याटप्प्याने वाढवत. १, ५, १० आणि २५ तासांना तेल बदल, चुंबकी प्लग, बेल्टच्या दातांचं मूळ आणि निळ्या रंगाची छाप पुन्हा.

कपलिंगच्या दोन्ही बाजूंना ६० दातांची चक्रं आणि हॉल सेन्सर लावा. दोन्हींच्या फेजमधला फरक म्हणजे कपलिंगचा प्रत्यक्ष पीळ. लोलक यांचा अनुनाद खरंच १४०० ला आहे की २२०० ला, हे पहिल्याच दिवशी कळेल.

पहिले तास पायलट आत न बसता. ऑगस्ट २०२१ मधे यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीला घरी बांधलेल्या हेलिकॉप्टरच्या जमिनीवरच्या चाचणीत मागच्या रोटरचं पातं तुटून मुख्य पात्यावर आदळलं आणि ते बांधणारा तरुण गेला. उड्डाण झालंच नव्हतं. थ्रॉटल आणि इग्निशन लांब केबलने, वाळूच्या पोत्यांच्या भिंतीमागून चालवा. मुख्य रोटरच्या आणि टेल रोटरच्या फिरण्याच्या पातळीत कुणीही उभं राहायचं नाही, फोटो काढणाराही नाही. आणि बांधलेल्या अवस्थेतून बाहेर काढण्याआधी डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) परवानगी.

फिरकी

केबल आणि पोत्यांची भिंत पक्की. हॉल सेन्सर दोन्ही बाजूंना बसवतो. टेल शाफ्ट ३८ मिमी. पात्याच्या टोकाला अर्धा-अर्धा किलो घालायचं ठरतंय, त्याने जडत्व ४२ वरून ५१ वर जातं. कपलिंगचं गणित पुन्हा करून टाकतो.

@भोसरीकर, क्राउन-पिनियनची एकच जोडी सांगायची की जास्त?

भोसरीकर

दोन जोड्या आणि वर एक जादा पिनियन, तिन्ही पिनियन एकाच बारमधून आणि एकाच भट्टीच्या घाण्यात. जादा पिनियन कापून केस डेप्थ आणि गाभ्याचा कडकपणा प्रत्यक्ष मोजायचा. कागदावरचा दाखला सोबत फिरवलेल्या चाचणी-तुकड्याचा असतो, दाताच्या मुळाचा नसतो. लॅपिंग झाल्यावर प्रत्येक जोडीच्या दोन्ही नगांवर एकच नंबर कोरून घ्या आणि जमलेला माउंटिंग डिस्टन्स पिनियनच्या डोक्यावर लिहून मागा. एका जोडीचा पिनियन दुसरीच्या क्राउनवर चालत नाही.